पेपर छापून आल्यानंतर जर्नलची नीती कुठे जाते?

सूक्ष्मदर्शी

कुठल्याही बऱ्यापैकी वैज्ञानिक जर्नलच्या संकेतस्थळावर प्रकाशननीतीचं एक लांबलचक पान असतं. हितसंबंध जाहीर करा, माणसांवर किंवा प्राण्यांवर प्रयोग केला असेल तर एथिक्स कमिटीच्या परवानगीचा क्रमांक द्या, एक पेपर एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवू नका, दुसऱ्याचा मजकूर आपला म्हणून खपवू नका. सबमिट करताना या सगळ्यांपुढच्या चौकोनांत टिचक्या मारल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही. नियम चांगलेच आहेत, माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. पण नीट बघा, जवळजवळ सगळे नियम लेखकासाठी आहेत आणि छापून येण्याआधीचे आहेत. छापून झाल्यावर कुणी बाहेरच्याने कळवलं की 'अहो, यात गडबड दिसते', तर जर्नलने किती दिवसांत काय करायचं? त्यावर त्याच पानाच्या तळाशी दोन-तीन मोघम वाक्यं असतात. मला तर जर्नलची नीती जोखायची तर तिथेच जोखावी असं वाटतं.

एक अनुभव सांगतो, जर्नलचं नाव घेत नाही. वेस्टर्न ब्लॉट म्हणजे नमुन्यातलं हवं ते प्रथिन काळ्या पट्टीच्या रूपात दाखवणारं चित्र. पट्टी गडद तर प्रथिन जास्त. सगळ्या नमुन्यांत माल सारखाच भरला होता हे दाखवायला खाली अ‍ॅक्टिन किंवा ट्युब्युलिन अशा नेहमीच्या प्रथिनाची एक रांग लावतात. एका पेपरात दुसऱ्या आकृतीतली अ‍ॅक्टिनची रांग आणि पाचव्या आकृतीतली ट्युब्युलिनची रांग मला एकच वाटली, फक्त उलटी फिरवलेली. एका पट्टीच्या कडेला बारीक ओरखडा होता. एका चित्रात तो डावीकडे वर, दुसऱ्यात उजवीकडे खाली. काँट्रास्ट वाढवून एक चित्र १८० अंशांत फिरवलं आणि दुसऱ्यावर ठेवलं, तर ओरखड्यासकट सगळं जुळलं. दोन वेगळ्या प्रथिनांचे, दोन वेगळ्या प्रयोगांतले ब्लॉट असे जुळत नसतात.

संपादकांना लिहिलं. पोच आली. मग शांतता. स्मरणपत्र पाठवल्यावर 'लेखकांशी संपर्क साधला आहे' एवढं उत्तर आलं, आणि पुन्हा इतकी दीर्घ शांतता की मी नाद सोडून दिला. शेवटी कधीतरी एक शुद्धिपत्र निघालं. जुनं चित्र काढून नवीन लावलं आणि खाली 'याने निष्कर्षांवर परिणाम होत नाही' हे ठरलेलं वाक्य. नवीन चित्र कधीच्या प्रयोगाचं, मूळ ब्लॉटचा फोटो कुणी मागितला का, बाकीच्या आकृत्या तपासल्या का, यावर चकार शब्द नाही.

हे झालं लहान प्रकरण. मोठ्या प्रकरणांत दोन टोकं दिसतात, आणि गंमत म्हणजे दोन्ही लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमधली. एमएमआर लस (गोवर, गालगुंड आणि रुबेलावरची) आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा ब्रिटिश डॉक्टर वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांचा पेपर फेब्रुवारी १९९८ मध्ये आला. अभ्यासात मुलं होती अवघी १२. ब्रायन डीअर या पत्रकाराने वेकफिल्डचे आर्थिक हितसंबंध उघड केल्यावर २००४ मध्ये दहा सहलेखकांनी त्या निष्कर्षापासून हात झटकले. तरी पेपर पूर्ण मागे घ्यायला २०१० चा फेब्रुवारी उजाडला, तोही ब्रिटनच्या जनरल मेडिकल काउन्सिलचा निकाल लागल्यावर. बारा वर्षं! लसीबद्दलची भीती तोवर जगभर पोचली होती.

दुसरं टोक सर्जिस्फिअर, म्हणजे रुग्णांचा डेटा पुरवणारी कंपनी. कोविडच्या रुग्णांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन धोक्याचं ठरतं असं सुचवणारा पेपर तिच्या डेटावर २२ मे २०२० ला आला. ९६,०३२ रुग्ण, ६७१ रुग्णालयं, सहा खंड. जागतिक आरोग्य संघटनेने तीनच दिवसांत आपल्या चाचणीतला त्या औषधाचा भाग थांबवला. इकडे शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी खुलं पत्र लिहून मूळ डेटा कुठे आहे असं विचारलं. कंपनी तो स्वतंत्र तपासनिसांनाही देईना, आणि ४ जूनला पेपर मागे घेतला गेला. म्हणजे जग बघत असेल तर दोन आठवड्यांच्या आत हे होऊ शकतं. जग बघत नसेल तेव्हाचं काय?

कोप, म्हणजे कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स, १९९७ पासून आहे. तक्रार आली तर पायरीपायरीने काय करावं याचे त्यांनी आराखडे काढून दिलेत आणि ते खरंच उत्तम आहेत. पण पेपर मागे घ्यायला ते कुणाला भाग पाडू शकत नाहीत. फार तर सदस्यत्व काढतील.

संपादन, रिव्ह्यू किंवा तक्रार यांपैकी काहीही केलेल्यांनी लिहावं.

कुंपणावरचा

वाखू (वाचनखूण) साठवली. या क्षेत्राबाहेरचा आहे, त्यामुळे बाळबोध प्रश्न. संपादक पगारी असतात का? आणि छापण्याआधी जाणकारांनी पेपर तपासला होता ना, मग तो ओरखडा त्यांना कसा दिसला नाही?

सूक्ष्मदर्शी

@कुंपणावरचा, नेचर, सायन्स, लॅन्सेट अशा मोजक्या ठिकाणी पूर्णवेळ पगारी संपादक असतात. बाकी बहुतेक जर्नलांत स्वतःचं संशोधन आणि शिकवणं सांभाळून कुणीतरी हे काम करतं, फुकट किंवा नाममात्र मानधनावर. रिव्ह्यूअर, म्हणजे छापण्याआधी पेपर तपासणारे जाणकार, तर जवळजवळ सगळीकडे फुकटच.

ओरखड्याचं म्हणाल, तर रिव्ह्यूअर पेपर विश्वासाने वाचतो. प्रयोगाची आखणी बरोबर आहे का, निष्कर्ष पुराव्याच्या पुढे धावतोय का, हे बघतो. समोरचा खोटं बोलतोय असं गृहीत धरून वाचत नाही. एलिझाबेथ बिक यांनी सहकाऱ्यांबरोबर ४० जर्नलांतले २०,६२१ पेपर चित्रांसाठी तपासले आणि २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. ३.८ टक्के पेपरांत संशयास्पद चित्रं निघाली, त्यांतल्या निदान निम्म्यांत मुद्दाम केल्याच्या खुणा होत्या. हे सगळे पेपर रिव्ह्यूमधून पार पडलेले. आणि बिकबाई हे आधी नुसत्या डोळ्यांनी शोधायच्या!

माजी_संपादक

धागा चांगला आहे, पण खुर्चीच्या दुसऱ्या बाजूनेही बघा. मी एका मध्यम दर्जाच्या जर्नलात काही वर्षं सहयोगी संपादक होतो.

तक्रार आली की पहिला प्रश्न: माझ्या हातात आहे काय? मला लॅबमध्ये घुसून वह्या ताब्यात घेता येत नाहीत. कॉम्प्युटरमधल्या मूळ फाइली मागवता येतात, पण लेखकाने 'सर्व्हर जळाला' म्हटलं की विषय संपला. (हे कारण इतक्यांदा ऐकलंय की सर्व्हर एवढे कसे जळतात याचाच कुणीतरी अभ्यास करावा.) मग आम्ही लेखकाच्या संस्थेला लिहितो. संस्था स्वतःच्याच नावाजलेल्या प्राध्यापकाची चौकशी करणार, म्हणजे घरात चोर आहे का हे घरच्यांनीच ठरवायचं. बऱ्याच ठिकाणांहून उत्तरच येत नाही. येतं तेव्हा 'चौकशी गोपनीय आहे'. आणि तेवढ्यात लेखकाच्या वकिलाचं पत्र येऊन पडतं. प्रकाशकाचा कायदा विभाग म्हणतो, चौकशीचा निकाल हातात असल्याशिवाय 'मागे घेतला' हा शब्द वापरू नका.

संस्थेने मनावर घेतलं तर काय होतं याचं चांगलं उदाहरण म्हणजे यान हेंड्रिक श्योन. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेतला चमकता तारा, सायन्स-नेचरमध्ये रांगेने पेपर. वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांतला नॉइज अगदी सारखा आहे हे बाहेरच्या भौतिकशास्त्रज्ञांच्या लक्षात आलं. नॉइज म्हणजे यंत्राची खरखर, ती दोनदा सारखी येऊच शकत नाही. बेल लॅब्जने २००२ मध्ये बाहेरच्या तज्ज्ञांची समिती नेमली, समितीने काही महिन्यांत २४ पैकी १६ आरोपांत गैरवर्तन झाल्याचा निष्कर्ष काढला आणि अहवाल सगळ्यांसाठी खुला केला. मग जर्नलांना पेपर मागे घ्यायला वेळ लागला नाही.

आणखी एक. येणाऱ्या सगळ्या तक्रारी तुमच्यासारख्या नसतात. स्पर्धक लॅबने टोपणनावाने लिहिलेल्या, 'हा माणूसच फ्रॉड आहे' अशा चार ओळींच्याही येतात. त्यावर उडी मारून पेपर काढला आणि आरोप खोटा निघाला तर एखाद्या पोस्टडॉकचं (पीएचडीनंतर तात्पुरत्या जागेवर असलेल्याचं) करिअर संपतं.

सूक्ष्मदर्शी

@माजी_संपादक, चौकशीला वेळ लागतो हे मान्य. पण तोवर वाचकाला अंधारात का ठेवायचं? 'एक्स्प्रेशन ऑफ कन्सर्न' नावाची सोय आहेच की. पेपरच्या डोक्यावर एक सूचना: शंका आल्या आहेत, तपास चालू आहे, जपून वाचा. यात कुणावर आरोप नाही. तुमच्या काळात किती वेळा वापरलीत?

माजी_संपादक

एकदा. आणि तेव्हाही प्रकाशकाशी भांडून. तुमचा मुद्दा पोचला.

तिरकसराव

एवढी चर्चा झाली आणि मूळ रोगाचं नाव कुणीच घेतलं नाही. पैसा! लेखकाने पैसे भरायचे आणि वाचकाने फुकट वाचायचं असं मॉडेल आलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण पेपर स्वीकारला की पैसे मिळणार आणि नाकारला की नाही, असं गणित मांडल्यावर निकाल काय लागणार?

हिंदावी ही प्रकाशनसंस्था बघा. वायली या मोठ्या प्रकाशकाने २०२१ मध्ये २९.८ कोटी डॉलरना विकत घेतली. धंद्याचा मोठा भाग विशेषांकांचा. विशेषांकाला पाहुणा संपादक, आणि पाहुण्याची वही तपासायला कोण बसलंय? पेपर मिल म्हणजे तयार पेपर आणि त्यावरची लेखकाची जागा विकणाऱ्या टोळ्या. त्या याच दारातून घुसल्या. एकट्या २०२३ मध्ये हिंदावीचे ८,००० हून अधिक पेपर मागे घ्यावे लागले आणि शेवटी वायलीने ते नावच गुंडाळायचं ठरवलं.

यांतला माल कसा असतो? चोरलेला मजकूर सॉफ्टवेअरला सापडू नये म्हणून यंत्राकडून शब्द बदलून घेतात. मग 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस' होतं आणि 'ब्रेस्ट कॅन्सर'चं 'बूझम पेरिल'. कबानाक, लाबे आणि मागाझिनोव्ह या तिघांनी २०२१ मध्ये असल्या शब्दांची जंत्रीच करायला घेतली. हे छापलं गेलंय, म्हणजे कागदोपत्री कुणीतरी वाचून मंजूर केलंय. स्तनांच्या कर्करोगावरच्या पेपरात 'बूझम पेरिल' वाचून ज्याला खटकत नाही त्याने काय वाचलं असेल?

निरगाठ

@तिरकसराव, अर्धा सहमत. जॉन बोहॅनन या पत्रकाराने २०१३ मध्ये ढोबळ चुका मुद्दाम घातलेला बनावट पेपर ३०४ मुक्त-प्रवेश (म्हणजे वाचकाला फुकट असलेल्या) जर्नलांना पाठवला होता, १५७ जणांनी स्वीकारला. पण त्याने वर्गणीवाल्या जर्नलांना तो पाठवलाच नाही, त्यामुळे तुलना करता येत नाही. आणि वर्गणीवाले काही सोवळ्यातले नाहीत. एल्सव्हिअर या प्रकाशन कंपनीच्या ऑस्ट्रेलियातल्या कचेरीने २००० ते २००५ या काळात औषध कंपन्यांच्या पैशावर सहा प्रकाशनं काढली. दिसायला जर्नल, पण पैसे कुणाचे हे कुठेच नाही. २००९ मध्ये उघड झालं तेव्हा कंपनीने मान्य केलं. तिथे लेखकाकडून फी कुठे होती?

पैसा कुठूनही येवो, तो कुणाचा हे वाचकाला दिसायला हवं.

अंकलिपी

संख्याशास्त्राच्या बाजूने थोडं. सूक्ष्मदर्शींच्या प्रश्नावर माझं उत्तर: डेटा उघडा ठेवा, मग संपादकाच्या चौकशीची वाट बघावी लागत नाही.

माझं आवडतं उदाहरण पीएनएएस या जर्नलमधल्या २०१२ च्या पेपरचं. विषय (बसून वाचा) प्रामाणिकपणा. 'मी खरी माहिती देत आहे' ही सही फॉर्मच्या तळाशी न घेता वरती घेतली तर लोक कमी खोटं बोलतात, असा निष्कर्ष. त्यातला एक प्रयोग वाहन विमा कंपनीच्या ग्राहकांवर होता. त्यांनी गाडीचं मीटर किती झालंय ते कळवायचं, आणि कंपनीकडच्या आधीच्या वाचनाशी ताडून गाडी किती चालली ते काढायचं. भरलेले फॉर्म १३,४८८, गाड्या २०,७४१. हा डेटा कित्येक वर्षं बाहेर नव्हता. २०२० मध्ये मूळ लेखकांनीच 'हे पुन्हा करून बघितलं, जमलं नाही' असा पेपर लिहिला आणि त्यासोबत जुना डेटाही ठेवला. काही संशोधकांनी, आपली नावं गुप्त ठेवून, तो उघडून बघितला आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये डेटा कोलाडा या ब्लॉगवर सगळं मांडलं गेलं.

काय दिसलं? खऱ्या आयुष्यात बहुतेक लोक मध्यम गाडी चालवतात, थोडे खूप कमी, थोडे खूप जास्त. इथे दोन वाचनांमधलं अंतर बघितलं तर शून्यापासून ५०,००० मैलांपर्यंत प्रत्येक टप्प्यात जवळपास सारखीच माणसं, आणि ५०,००० च्या पुढे एकही नाही. फासे टाकून आकडे काढल्यासारखं. दुसरं, हाताने आकडा लिहिणारा माणूस शेवटी शून्यं लावून मोकळा होतो. पहिल्या वाचनातल्या आकड्यांत अशी शून्यं भरपूर होती, दुसऱ्यात नव्हती. तिसरं मला फार आवडलं. एक्सेलच्या फाइलमध्ये पहिल्या वाचनाचे निम्मे आकडे कॅलिब्री फॉन्टमध्ये होते आणि निम्मे कॅम्ब्रियामध्ये. कॅलिब्रीतल्या जवळजवळ प्रत्येक गाडीला कॅम्ब्रियात एक जुळं भावंड होतं, आकडा फार तर हजार मैलांनी जास्त. कुणीतरी यादी दुप्पट करून त्यात थोडी भर घातली आणि फॉन्ट बदलायला विसरला.

पेपर पुढच्याच महिन्यात मागे घेतला गेला. डेटा बनावट आहे याबद्दल वाद उरला नाही, तो कुणी बनवला यावर मात्र लेखकांनी हात वर केले.

आता सांगा, २०१२ मध्येच ती एक्सेल फाइल पेपरसोबत लावायची सक्ती असती तर?

माजी_संपादक

सक्ती हल्ली बऱ्याच जर्नलांत आहे, अंमल नाही. 'मागितल्यास डेटा देऊ' असं छापलेल्या लेखकाला मागून बघा एकदा.

मृण्मयी_

मी सहसा वाचनमात्र असते. पीएचडीचं शेवटचं वर्ष आहे. थोडं वेगळं विचारते, चालेल ना? माझा पेपर तयार आहे. गाईडचं म्हणणं, विभागप्रमुखांचं नाव लेखकांत घालायचं. त्यांचा या कामाशी संबंध इतकाच की उपकरण त्यांच्या ग्रँटमधून आलं. सगळे असंच करतात म्हणे. नाही म्हटलं तर माझं अवघड होईल. नियम नक्की काय आहे?

सूक्ष्मदर्शी

@मृण्मयी_, वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांचा एक गट आहे, आयसीएमजेई. १९७८ मध्ये व्हँकुव्हरला पहिल्यांदा भेटले म्हणून व्हँकुव्हर गटही म्हणतात. त्यांचे लेखकपदाचे चार निकष बाकीच्या शाखांतही पुष्कळ ठिकाणी मानले जातात. कामाची आखणी, डेटा किंवा विश्लेषण यांत भरीव वाटा. मसुदा लिहिणं किंवा त्यात आशयाची सुधारणा करणं. अंतिम मसुद्याला मान्यता. आणि पेपरच्या सगळ्या भागांबद्दल उत्तर द्यायची तयारी. चारही लागतात, एखाद-दुसरा पुरत नाही. नुसता निधी मिळवून देणं किंवा विभागावर देखरेख करणं यावर लेखक होता येत नाही असं त्यांनी स्पष्ट लिहिलंय. त्यांची जागा आभारात.

चौथा निकष २०१३ मध्ये आला. गडबड निघाली की 'माझं नुसतं नाव होतं हो' म्हणणाऱ्या मोठ्या माणसांमुळे तो लागला असं माझं मत.

तिरकसराव

नियम पाठ करून ती पोरगी सरांपुढे जाणार आणि सर म्हणणार, 'वा, छान! आता नाव घाल.' व्यवहाराचं बोला राव.

निरगाठ

व्यवहाराचंच बोलतो. मृण्मयीताई, सरांशी निकषांवर वाद घालू नका. बऱ्याच जर्नलांत आता क्रेडिट नावाची पद्धत आहे. संकल्पना, प्रयोग, विश्लेषण, लेखन, निधी अशा १४ भूमिका असतात, आणि प्रत्येक लेखकाच्या नावापुढे त्याने काय केलं ते लिहावं लागतं, छापूनही येतं. तो तक्ता भरून सरांना पाठवा आणि विचारा, 'प्रमुख सरांच्या नावापुढे काय लिहू?' रिकामी चौकट बघून काही जण आपणहून मागे सरतात. सगळे नाही, पण काही.

अवांतर: जॅक हेदरिंग्टन या भौतिकशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये फिजिकल रिव्ह्यू लेटर्ससाठी एकट्याने पेपर लिहिला, पण सगळीकडे 'आम्ही' लिहून बसला. सहकारी म्हणाला, एकटा लेखक आणि 'आम्ही', हे चालणार नाही. टाइपरायटरचा जमाना, सगळं पुन्हा टाइप कोण करणार? त्याने आपल्या सयामी मांजराला एफ. डी. सी. विलर्ड असं भारदस्त नाव देऊन सहलेखक केलं. पेपर छापून आला. विभागप्रमुखांपेक्षा या बोक्याने निदान टाइपिंग तरी वाचवलं.

कुंपणावरचा

बोका!! हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

बरं, एक शंका. पेपर मागे घेतला म्हणजे लेखक लबाड, असंच समजायचं का?

अंकलिपी

नाही, आणि हा समज मोडायला हवा. फ्रान्सिस अरनॉल्ड यांना २०१८ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. २०१९ चा त्यांचा सायन्समधला एक पेपर त्यांनी २०२० च्या जानेवारीत मागे घेतला. प्रयोग पुन्हा करून जुळेना, वहीत त्या वेळच्या नोंदी आणि मूळ डेटा सापडेना. ट्विटरवर जाहीर माफी मागितली आणि आपलं लक्ष कमी पडलं हेही सांगितलं. मला तरी त्यांच्याबद्दलचा आदर वाढल्यासारखा वाटला.

निरगाठ

मग आर्सेनिकवाल्या जिवाणूंचं काय म्हणाल? फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरून जगणारा जिवाणू सापडला असा दावा सायन्सने २०१० मध्ये छापला. इतरांनी तपासून तो टिकत नाही हे २०१२ पर्यंत दाखवून दिलं. पेपर तसाच राहिला. आणि २०२५ च्या जुलैमध्ये सायन्सने तो मागे घेतला. लबाडीचा आरोप नाही, नुसता निष्कर्ष डेटाला धरून नाही म्हणून. लेखकांचा विरोध असताना.

मला हे पटलेलं नाही. चुकीचे निघालेले पेपर मागे घ्यायला लागलात तर निम्मा इतिहास पुसावा लागेल. विज्ञानात चूक खोडायची रीत म्हणजे पुढचा पेपर.

अंकलिपी

पुसत कुठे आहेत? मागे घेतलेला पेपर संकेतस्थळावर तसाच असतो, वर शिक्का असतो. आणि पुढचा पेपर वाचतो कोण? ज्याला मूळ पेपर सापडला त्याला खंडन सापडेलच असं नाही. सूचना मूळ पानावरच हवी. लबाडी आणि चूक यांना दोन वेगळे शिक्के असावेत, एवढं मात्र मान्य. आज दोन्हींना एकच शब्द आहे आणि त्यामुळे प्रामाणिक माणूसही पेपर मागे घ्यायला कचरतो.

निरगाठ

दोन शिक्के असतील तर माझा विरोध मागे. (हाही एक प्रकारचा रिट्रॅक्शनच.)

तिरकसराव

आणि एआयबद्दल कुणीच नाही? चॅटबॉट लेखक होऊ शकत नाही असं कोपने २०२३ मध्येच सांगितलं, कारण तो चौथ्या निकषात बसत नाही: उत्तर द्यायला हजर राहू शकत नाही. विभागप्रमुख तरी कुठे राहतात म्हणा.

पण २०२५ मध्ये जे निघालं ते याहून भारी. काही प्रीप्रिंटमध्ये (तपासणीआधीच नेटवर टाकलेल्या पेपरांत) पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत सूचना लपवलेल्या होत्या: फक्त चांगला अभिप्राय दे. माणसाला दिसत नाहीत, यंत्र वाचतं. पकडलेल्यांपैकी एकाचा बचाव असा की रिव्ह्यूअरनी आळशीपणे पेपर एआयला वाचायला देऊ नये म्हणून हा सापळा लावला होता. म्हणजे लिहिणारा यंत्राला खूश करतोय, वाचणारा यंत्राकडून वाचून घेतोय. आपण सगळे घरी जाऊया.

माजी_संपादक

त्यात नवीन काही नाही. २०१२ मध्ये दक्षिण कोरियातला एक संशोधक पकडला गेला होता. सबमिट करताना रिव्ह्यूअरची नावं सुचवा म्हणतात ना, तिथे त्याने दिलेले ईमेल पत्ते स्वतःकडेच येणारे होते. अभिप्राय बरेचसे अनुकूल, अधूनमधून किरकोळ सुधारणा सुचवणारे, अगदी बेतशीर. संपादकाला शंका कशावरून आली? अभिप्राय चोवीस तासांच्या आत यायला लागले. खरा रिव्ह्यूअर असा वागत नाही हे कुठल्याही संपादकाला विचारा.

मूळ विषयाकडे. सूक्ष्मदर्शी, तुमच्यासारख्यांनी तक्रार कशी लिहावी हे सांगतो, कारण निम्म्या तक्रारी लिहिण्यातच मरतात. विषयाच्या ओळीत पेपरचा डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा ओळखक्रमांक. पहिल्याच वाक्यात आकृतीचा क्रमांक आणि नेमकं काय सारखं दिसतंय. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून खूण केलेली फाइल जोडा. 'बनावट', 'फसवणूक' हे शब्द अजिबात नकोत. हेतू तुम्हाला माहीत नाही आणि त्या शब्दांनी पत्र वकिलाकडे जातं. काय हवंय ते स्पष्ट मागा: 'कापलेले नसलेले मूळ ब्लॉट लेखकांकडून मागवावेत.' मुख्य संपादकाबरोबर प्रकाशकाच्या रिसर्च इंटेग्रिटी विभागालाही प्रत द्या. संपादक बदलतात, तो विभाग राहतो. जर्नलची तक्रारीची सगळी दारं ठोठावून झाली आणि जर्नल सदस्य असेल, तर कोपकडे जाता येतं. पेपर खरा की खोटा हे ते ठरवणार नाहीत, जर्नलने प्रक्रिया पाळली का एवढंच बघतात. तरी त्यांचं पत्र आलं की हालचाल होते, हे मी आतून पाहिलंय. आणि पबपीअर या छापून आलेल्या पेपरांवर चर्चा करायच्या संकेतस्थळावरही टाका. तिथे टोपणनाव चालतं, आणि निदान शोधणाऱ्या वाचकाला तरी कळतं.

सूक्ष्मदर्शी

हे सोनं आहे. पबपीअरवर टाकतो, तिथे शुद्धिपत्रातल्या नवीन चित्राबद्दलही विचारतो.

मृण्मयी_

सगळ्यांचे आभार. क्रेडिटचा तक्ता सरांना पाठवला आहे. उत्तर अजून नाही.

एक विचारायचं होतं. आपण ज्यांचा संदर्भ देतो त्यांतला एखादा पेपर मागे घेतलेला असेल तर कळतं कसं? प्रत्येकाचं पान उघडून बघायचं?

अंकलिपी

संदर्भ सांभाळणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरता का? ते रिट्रॅक्शन वॉचच्या, म्हणजे मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्यांच्या, यादीशी तुमचे संदर्भ आपोआप ताडून बघतं आणि मागे घेतलेला असेल तर लाल पट्टीत सूचना देतं. ती यादी २०२३ मध्ये क्रॉसरेफ या डीओआय देणाऱ्या संस्थेने घेऊन सगळ्यांसाठी खुली केली आहे.

मृण्मयी_

वापरते, पण संदर्भ सगळे वर्डमध्ये हाताने टाकले होते. आत्ता झोटेरोत भरून बघितले. एक लाल निघाला. प्रस्तावनेतच आहे, आणि गाईडच्या मागच्या दोन पेपरांतही तोच संदर्भ आहे.

तिरकसराव

आता हे सरांना कोण सांगणार?

निरगाठ

विभागप्रमुख. सहलेखक आहेत ना.